'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' वाचलेलं असेल, तर २०१७ चा चित्रपट बघण्यात मजा आहे का?

आहे, पण खुनी कोण यासाठी बघू नका. आम्ही इंदूरला घरचे पाचजण गेलो होतो आणि मध्यंतरातच दोन तट पडले. पुस्तक न वाचलेला भाचा खुर्चीच्या टोकावर, आत्याच्या कपाळावर आठ्या. अगाथा ख्रिस्तीची ही १९३४ ची कादंबरी तिला जवळजवळ पाठ. "अरे, प्वारो कधी असा पळतो का?" हा तिचा आक्षेप खराच. पुस्तकात हा गुप्तहेर बर्फात अडकलेल्या गाडीत बसून प्रश्न विचारतो. इथे दिग्दर्शक केनेथ ब्रानानं त्याला पुलाच्या लाकडी सांगाड्यातून पळवलंय. "आणि त्या मिशा आहेत की मफलर?" (मला आवडल्या, पण बोललो नाही.)

रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खातानाही वाद चालूच. तिथे आत्यानं १९७४ चा सिडनी ल्युमेटचा चित्रपट काढला. त्यात इन्ग्रिड बर्गमनचा जबाब एका सलग शॉटमध्ये आहे. सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्करही तिला मिळालं. नव्यात नटमंडळी मोठी, पण प्रत्येकाच्या वाट्याला चारच वाक्यं. हे मात्र पटलं.

नवा आधी बघा, जुना नंतर. उलट केलंत तर आमच्या आत्यासारखं होईल.