सहा ते सहा-वीस घरी कोण असतं?

"नोकरी सोडू का?" हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला येणाऱ्या बायका तो बहुतेक वेळा दारातच विचारतात आणि मग खुर्चीवर बसतात. नाशिकच्या इंदिरानगरहून आलेल्या या ताईंनीही तसंच केलं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम, बारा वर्षं झालेली. नवरा अंबडच्या कारखान्यात, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मुलगा पाचवीत. सासूबाई 74 वर्षांच्या, दीड वर्षापूर्वी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं निदान झालेलं. दिवसभर त्यांच्याजवळ एक मावशी असतात. त्यात शाळेतून निरोप आला होता की मुलाचा गृहपाठ अर्धवट राहतो, स्कॉलरशिपच्या तासाला त्याचं लक्ष नसतं.

"ऑफिसात घरचं डोक्यात, घरी ऑफिसचं. मुलावर ओरडते, आईंवर चिडते, मग रात्री झोप लागत नाही. मी कुठेच पुरी पडत नाही."

हे वाक्य मोठं खरं असतं, पण त्याला धरायला कुठे कोपरा नसतो. म्हणून अशा वेळी आदल्या दिवसाचं घड्याळ कागदावर उतरवून घ्यायचं. दर अर्ध्या तासाला दोनच गोष्टी लिहायच्या: आईंजवळ, म्हणजे सासूबाईंजवळ, कोण होतं आणि मुलाजवळ कोण होतं. बाकी काही नाही. या कागदावर सकाळ भरगच्च निघाली, पण धडपणे बसलेली होती. अडखळलं ते संध्याकाळी. मावशी सहाला निघतात. ताई पावणेसहाला ऑफिस सोडतात, आयटीआय सिग्नलच्या गर्दीतून घरी पोचायला सहा-वीस होतात. मग सहा ते सहा-वीस आईंजवळ कोण असतं?

ताई थांबल्या. "मुलगा असतो," म्हणाल्या. "तो दाराची वरची कडी लावतो आणि दाराला पाठ लावून बसतो. आई घरी जायचं म्हणून दार ओढतात ना."

दहा वर्षांचा मुलगा रोज वीस मिनिटं पहारा देत होता. त्यासाठी साडेपाचपासूनच खेळ सोडून वर येत होता, कारण मावशी कधी कधी दहा मिनिटं आधीच निघत. दोन महिने तो सोसायटीच्या मैदानात धड खेळलेला नव्हता. त्याच्या अभ्यासाचा प्रश्न इथून सुरू झाला होता. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण त्याने तक्रार केली नव्हती. शहाणी मुलं अशी गप्प राहून ओझं उचलतात. मूल काही मागत नसेल, तर त्याच्याकडे आधी बघावं.

दुसरी गोष्टही त्याच कागदावर दिसली. डिमेन्शियाच्या बऱ्याच माणसांना दिवस कलताना अस्वस्थता वाढते. संध्याकाळी पाच ते आठ ही बहुधा त्यांची सगळ्यात अवघड वेळ असते. घरात मावशी निघण्याची, ताई दमून येण्याची, मुलाच्या अभ्यासाची आणि कुकर लावण्याची वेळही हीच. चार ओढे एकाच मोरीत सोडले की पाणी तुंबणारच.

आईंच्या संध्याकाळपासून सुरुवात केली, कारण ती सावरली की बाकीच्यांना श्वास मिळतो. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. चहा चारपर्यंतच. साडेचारला खाणं: शिरा, उपमा, काहीही मऊ. भूक लागली तरी ती त्यांना सांगता येत नाही, नुसती येरझार वाढते. पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावायचे; अंधूक उजेडात पडद्याची सावली माणसासारखी दिसते. पाच ते सहा त्यांच्या हाताला काम द्यायचं. आईंचं माहेर निफाडकडचं, घरची द्राक्षबाग होती. मावशींनी ताटात पसाभर बेदाणे दिले आणि देठं काढायला सांगितलं. पहिल्या दिवशी त्या पन्नास मिनिटं बसल्या. बोटं आपोआप चालत होती: अंगठ्याच्या नखाने देठ खुडायचा, बेदाणा डावीकडे, देठ उजवीकडे. मध्येच "हा माल ओला आहे" म्हणून एक दाणा बाजूला काढायच्या. नावं विसरलेल्या माणसाच्या हातात कामाची आठवण बरीच टिकते. तुमच्या घरी मेथी निवडणं असेल, रुमालांच्या घड्या असतील. काम संपलं की तेच पुन्हा दिलं तरी चालतं; फक्त "हे मघाशीच झालं" असं म्हणू नये.

"घरी जायचंय" याला "हेच आपलं घर आहे" हे उत्तर ताई रोज देत होत्या आणि रोज भांडण होत होतं. त्या मागणीत बहुधा पत्ता नसतो, भीती असते. "घरी कोण कोण आहे? अंगणात काय लावलंय?" असं विचारायचं, चप्पल घालायची, जिन्याखाली एक चक्कर मारून परत यायचं. बहुतेक दिवस एवढ्यावर भागतं. ज्या दिवशी भागत नाही त्या दिवशी ती तुमची चूक नसते.

एक वैद्यकीय बाब इथेच सांगायला हवी. विसरभोळेपणा दिसू लागला की डॉक्टरांकडून बी-12 आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. या कमतरता भरून काढल्या तर काही जणांना खरोखर फरक पडतो. आणि असलेला आजार एक-दोन दिवसांत एकदम बळावला, तर तो "वाढतच जाणारा आजार" म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, एखादी नवी गोळी अशी कारणं असतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

आता नवरा. दुसऱ्या भेटीला तो आला, आणि मनापासून म्हणाला, "मी मदत करतोच. ही सांगते ते सगळं करतो." इथे बहुतेक घरांची गाठ असते. सांगावं लागतं, म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम ताईंकडेच राहतं. पट्टीत पाच गोळ्या उरल्यात, न्यूरॉलॉजिस्टची तारीख गुरुवारी आहे, मावशी पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहेत, हे सगळं ज्याच्या डोक्यात तोच दमतो. हातांनी कुणी का करेना. म्हणून कामं वाटताना तुकडा द्यायचा नाही, अख्खं काम द्यायचं. औषधं नवऱ्याकडे गेली: साठा बघणं, आणणं, दर रविवारी सात खणांचा डबा भरणं, डॉक्टरांची वेळ घेणं. शाळा आणि मुलाचा अभ्यास ताईंकडे. मावशींच्या सुट्ट्या, पगार आणि बदली माणूस पुन्हा नवऱ्याकडे.

पहिल्याच महिन्यात तो 10 ऐवजी 5 मिलीग्रॅमची पट्टी घेऊन आला. ताईंनी लगेच काम परत घ्यायची तयारी केली. ते करू नये. परत घेतलेलं काम पुन्हा कधी जात नाही. उपाय साधा होता: रिकाम्या पट्टीचा फोटो त्याच्या फोनमध्ये, दुकानात दोन्ही जुळवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. औषधात एवढी एक तपासणी हवीच. बाकी कामांत ताईंनी मागून जाऊन बघायचं नाही, असं ठरलं. ते त्यांना औषधांपेक्षा जड गेलं.

वेळापत्रक मात्र तिसऱ्या आठवड्यात कोसळलं. कारण ते फर्स्ट शिफ्ट धरून केलं होतं: सात ते साडेतीन, नवरा सव्वाचारला घरी, संध्याकाळ त्याची. सेकंड शिफ्टला तो पावणेतीनलाच निघतो आणि मध्यरात्र उलटल्यावर येतो. नाईटला सकाळी आठ ते दुपारी दोन त्याला सलग झोप हवी. ती तोडली तर मशीनवर अपघाताची भीती. शिफ्टवाल्या घराला एक तक्ता पुरत नाही. तीन हवेत, तीन रंगांचे, फ्रिजवर. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मावशी सातपर्यंत थांबणार आणि त्या जादा तासाचे पैसे वेगळे मिळणार, हे त्यांच्याशी आधी बोलून ठरवलं. उपकारावर थांबलेलं माणूस दुसऱ्या महिन्यात सोडून जातं.

त्यावर ताईंच्या कामाच्या तारखा चढवल्या. अकाउंट्सवाल्यांना 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं चुकत नाहीत. त्याआधीचे दोन दिवस उशीर ठरलेला. हे साहेबांना लेखी कळवलं: या दिवसांत साडेसातपर्यंत बसेन, बाकी दिवस साडेपाचला निघेन. कधीही लवकर सोडा म्हणण्यापेक्षा तारखा देऊन मागितलेली सवलत मिळण्याची शक्यता जास्त. त्यांना मिळाली.

पुण्याच्या नणंदेने आईंना महिनाभर घेऊन जायची तयारी दाखवली. मन मोठं होतं, पण नवी जागा, नवं बाथरूम, वेगळा पलंग याने अशा माणसाचा गोंधळ वाढतो. म्हणून आईंनी जाण्याऐवजी नणंदेने यायचं ठरलं. महिन्यातून एक शनिवार-रविवार ती नाशिकला, आणि ते दोन दिवस ताई आणि मुलगा घराबाहेर. घरात थांबल्या तर सुट्टी मिळत नाही, हाक येतेच.

मुलाशी वेगळं बोलणं झालं. त्याला आजार सोप्या शब्दांत सांगितला: आजीच्या मेंदूतल्या आठवणी पुसट होतायत, ती मुद्दाम करत नाही, आणि तुझ्यामुळे काही झालेलं नाही. दार सांभाळणं मोठ्यांचं काम, हे आईवडिलांनी त्याला स्वतः सांगितलं. आजीला ताट नेऊन देणं त्याने स्वतःहून मागितलं, ते त्याच्याकडे राहिलं. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून ताई त्याच्याजवळ बसतात. त्यात अभ्यासाची चौकशी नाही.

नोकरीचा निर्णय तीन महिने पुढे ढकलला. झोप पुरी न झालेल्या महिन्यात घेतलेला असा निर्णय नंतर फिरवता येत नाही. हिशेब मात्र मांडला: पगार 31 हजार, मावशींचे 12 हजार, शिवाय पीएफ. आणि पैशाच्या ओळीखाली ताईंनी स्वतः लिहिलं, "घरी राहिले तर सहा ते सहा-वीस चोवीस तास होतील."

ज्यांच्या घरी नणंद नाही, मावशीही परवडत नाहीत, त्यांनी ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मोफत हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ विचारावं. सांभाळणाऱ्याचंच मन खचलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 दिवसरात्र सुरू असतो.

पुढच्या महिन्यात 18 आणि 19 तारीख सेकंड शिफ्टच्या आठवड्यात येतात. ताई साडेसातला निघणार, मावशी सातला. शेजारच्या काकूंना विचारून झालंय: त्या दोन संध्याकाळी सात ते आठ त्या आईंसोबत बेदाणे निवडायला बसतील. तक्त्यावर त्यांचं नाव लाल पेनाने लिहिलंय, आणि खाली मुलाने स्वतःचं: "मी खाली, क्रिकेट, सातपर्यंत."