‘लेडीबर्ड’मधली लेडी कोण?

प्रश्न असा आहे: लेडीबर्ड या ठिपकेदार भुंगेऱ्याच्या नावात ‘लेडी’ का? तो मादी असतो म्हणून? आणि किड्याला ‘बर्ड’ कसं काय?

मादीशी संबंध नाही; नर असला तरी तो लेडीबर्डच. इथली लेडी म्हणजे ‘अवर लेडी’, येशूची आई मेरी. आपल्या व्याकरणात सांगायचं तर हा कर्मधारय नव्हे, षष्ठी तत्पुरुष: लेडीचा बर्ड. मग ‘लेडीज बर्ड’मध्ये यावा तसा षष्ठीचा ‘स’ (’s) कुठे गेला? तो तिथे नव्हताच. जुन्या इंग्रजीत या शब्दाची षष्ठी ‘अन्’ लावून होई. तो प्रत्यय झिजला आणि प्रथमा-षष्ठी सारख्याच दिसू लागल्या. मेरीच्या नावाचा 25 मार्चचा ‘लेडी डे’ही असाच बनलेला.

शेजारच्या भाषा याला दुजोरा देतात. जर्मनमध्ये हा ‘मारीएनकेफर’, म्हणजे मेरीचा भुंगेरा. डॅनिशमधलं नाव तर ‘मेरीची कोंबडी’, त्यामुळे ‘बर्ड’ फारसा विचित्र वाटू नये. रशियन आणि आयरिश लोकांना त्यात देवाची गाय दिसली. इंग्रजीतही ‘लेडीकाउ’ होतंच. त्याच्या पाठीवरचे सात ठिपके म्हणजे ख्रिस्ती परंपरेतली मेरीची सात दुःखं, ही गोष्ट मला मागाहून जोडलेली वाटते.

‘लेडी’ शब्द मुळात स्वयंपाकघरातला. जुनं रूप ‘ह्लॅफदिये’: ‘ह्लाफ’ म्हणजे पाव (आजचा ‘लोफ’) आणि पुढचा भाग कणीक मळणारीचा. याच धातूतून इंग्रजी ‘डो’ आला, आणि संस्कृतात ‘दिह्’, म्हणजे लिंपणे. त्यावरून आपला ‘देह’. लेडी आणि देह असे लांबचे नातलग निघतात.

अमेरिकेत ‘लेडीबग’ म्हणतात. पण कीटकशास्त्रात ‘बग’ म्हणजे ढेकणाच्या गणातले कीटक, म्हणून तिथले शास्त्रज्ञ ‘लेडी बीटल’ लिहितात.

मराठीत शब्दशः भाषांतर करू नका. ‘ढालकिडा’ हा शेतीतला रुळलेला, नेमका शब्द आहे. पाठ ढालीसारखी फुगीर, म्हणून ढालकिडा. ‘मृगाचा किडा’ मात्र म्हणू नका. तो लाल मखमली जीव कोळ्यांच्या गोतातला, आठ पायांचा, ढालकिड्याला सहाच. आणि मावा ही पिकाचा रस शोषणारी कीड खाणारा म्हणून ढालकिडा शेतकऱ्याचा मित्र खरा, पण वांग्याची पानं खरवडून जाळी करणारा 28 ठिपक्यांचा भुंगेराही याच कुळातला आहे.