वाचकांचे प्रश्न : वृद्धाश्रमासाठी खुर्च्या घेताना

प्रश्न : बडोद्यातील एका वृद्धाश्रमाचे काम मी पाहतो. आमच्याकडे सध्या ३४ ज्येष्ठ राहतात. बैठकीच्या दालनातील प्लास्टिकच्या खुर्च्या जुन्या झाल्या असून त्या बदलण्यासाठी एका देणगीदारांनी रक्कम देऊ केली आहे. विश्वस्तांपैकी काहींना सोफे हवे आहेत, काहींना संखेड्याच्या लाकडी खुर्च्या, आणि स्वतः देणगीदारांचा आग्रह मोटारीवर मागे कलणाऱ्या आणि उठताना वर उचलणाऱ्या रिक्लाइनर खुर्च्यांचा आहे. सगळ्या खुर्च्या एकसारख्या असाव्यात, एवढ्यावर मात्र सर्वांचे एकमत आहे. आपण काय सुचवाल?
— व्यवस्थापक, बडोदे

उत्तर : ज्या एका गोष्टीवर आपल्याकडे एकमत झाले आहे, नेमकी तीच सोडून द्यावी, असे मी सुचवीन. आपल्या ३४ जणांत पावणेसहा फुटांचे आजोबा असतील, तशा पाच फुटांना जेमतेम पोहोचणाऱ्या आजीही असतील. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर माणसाच्या उंचीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके असते. म्हणजे त्या आजींचे ते १५ इंचांच्या आसपास भरेल आणि आजोबांचे १७ इंचांच्या पुढे जाईल. या दोघांना एकाच मापाच्या खुर्चीत बसवले, तर दोघांपैकी एकाची गैरसोय ठरलेलीच आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. उंच खुर्चीवरून उठणे सोपे जाते, हे शिकताना डोक्यात पक्के बसले होते, म्हणून काही वर्षांपूर्वी एका आश्रमाला मी १८ इंच उंचीच्या १२ खुर्च्या घ्यायला लावल्या. आठवड्याभराने पाहायला गेले, तेव्हा चार आजींचे पाय अधांतरी लोंबत होते, बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतून पायांना मुंग्या येत होत्या, आणि एकीने तर स्वयंपाकघरातून तेलाचा रिकामा डबा मागवून त्यावर पाय टेकवले होते. शेवटी सुताराला बोलावून चार खुर्च्यांचे पाय दोन-दोन इंच कापून घेतले. डबा स्वयंपाकघरात परत गेला.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप घेऊन एक सकाळ आश्रमात घालवावी. प्रत्येकाला कडक बाकावर बसवावे, पायात घरात वापरतात तीच चप्पल असू द्यावी, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतचे माप घ्यावे. हे माप आणि बैठकीची उंची जवळपास सारखी हवी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी, किंवा खुब्याचा सांधा बदललेल्यांसाठी, ती इंच-दोन इंच जास्त चालते, कारण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघे खुब्याच्या वर जातील असे खाली बसणे बहुधा वर्ज्य सांगितलेले असते. मात्र पाय जमिनीला पूर्ण टेकलेच पाहिजेत. उंची मोजताना फोम माणसाच्या वजनाने दबतो, हेही धरावे. मऊ गादीची १८ इंचांची खुर्ची कोणी बसल्यावर सहज १६ इंचांवर येते. माझ्या अंदाजाने आपली ३४ माणसे तीन मापांत बसतील. रंग, लाकूड, कापड सगळ्यांचे सारखे ठेवा, म्हणजे विश्वस्तांच्या डोळ्यांनाही दालन एकसारखेच दिसेल.

उंचीच्या खालोखाल महत्त्व बैठक पुढून मागे किती खोल आहे याला आहे, आणि सोफ्याला माझा विरोध आहे तो येथे. दिवाणखान्यातील सोफ्याची बैठक बहुधा २१-२२ इंच खोल असते, तर ठेंगण्या आजींना १५-१६ इंच पुरतात. पाठ टेकावी तर पाय वर उचलले जातात आणि पाय टेकावेत तर पाठ सुटते, मग माणूस हळूहळू पुढे घसरत माकडहाडावर बसू लागतो. पाठ पूर्ण टेकल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांच्यामध्ये दोन-तीन बोटे शिरतील एवढी जागा राहिली, की खोली बरोबर आहे असे समजावे. रुंदीही हवी तेवढीच हवी; फार ऐसपैस खुर्चीत दुर्बल माणूस एका कुशीवर कलतो, विशेषतः पक्षाघातानंतर.

दुकानातला विक्रेता आपल्याला खुर्चीत बसवून दाखवील; आपण मात्र तिच्यातून उठणे तपासावे. एखाद्या आजी कशा उठतात ते एकदा बारकाईने पाहा. त्या आधी बैठकीच्या कडेपर्यंत सरकतात, पावले गुडघ्यांच्या मागे ओढून घेतात, दोन्ही हात खुर्चीच्या हातांच्या टोकाशी नेतात, नाक पावलांच्या वर येईल इतक्या पुढे वाकतात, आणि मग रेटा देतात. या प्रत्येक पायरीला खुर्चीने साथ द्यायला हवी. खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत, त्यांची टोके मुठीत धरता यावीत, आणि बैठकीपासून ते साधारण ७ ते ९ इंच वर असावेत, म्हणजे कोपर टेकल्यावर खांदे उचललेही जात नाहीत आणि ओघळतही नाहीत. बैठक मागे फार उतरती नको. बैठकीखाली पावले मागे घेण्यास मोकळी जागा हवी.

संखेड्याच्या खुर्चीविषयी माझे मत संमिश्र आहे. सागवान चरकावर, म्हणजे लेथवर, उतरवून त्याला लाखेचा रंग चढवणाऱ्या खराद्यांचे ते गाव आपल्या शेजारचे, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात गेलेले. बडोद्यातील जुन्या मराठी घरांत त्यांचा निदान एखादा झोपाळा असतोच. चरकावर उतरवलेला गोल हात मुठीत छान बसतो, लाकूड डगमगत नाही, आणि गडद लालसर-सोनेरी रंग फिकट फरशीवर उठून दिसतो. हा शेवटचा गुण किरकोळ समजू नये, कारण मोतीबिंदू किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला पांढऱ्या फरशीवरची पांढरी खुर्ची नीट दिसत नाही आणि तो हवेतच बसायला जातो. अडचण आहे ती पुढच्या पायांमधल्या आडपट्टीची. पावले मागे घेताना टाचा तिच्यावर आपटतात. मागणीप्रमाणे काम करणाऱ्या कारागिराला ती पट्टी मागच्या बाजूला घ्यायला सांगावे, आपण काढलेली तीन मापे द्यावीत, आणि पाठ खांद्यांपर्यंत उंच व किंचित मागे झुकलेली मागावी. पैसे तेवढे नसतील, तर स्थानिक सुताराकडून साध्या सागवानी खुर्च्या करून घेतल्या तरी काहीच बिघडत नाही.

गादीसाठी ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलो भरणारा, फोम मागतात आणि तो टिकतो खरा, परंतु डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि घट्टही. माणूस बसलेला असताना गादीखाली तळहात सरकवून पाहावा. वरून हाड हाताला जाणवले, तर गादी निकामी समजावी. आच्छादनाला केवळ रेक्झिन घालू नये. बडोद्याच्या मे महिन्यात ते पाठीला चिकटते आणि त्यावरून माणूस घसरतोही. फोमवर ओल न शिरणारे अस्तर आणि त्यावर चेनचा, धुता येणारा सुती अभ्रा, असा दुहेरी बंदोबस्त मला सर्वांत सोयीचा वाटला आहे. प्रत्येक खुर्चीमागे अभ्रे दोन शिवून घ्यावेत, कारण लघवीचे अपघात होणारच आणि त्यासाठी कोणाला लाजवण्याचे कारण नाही.

देणगीदारांना दुखवू नये हे मी समजू शकते. त्यांच्याकडून रिक्लाइनर एकच घ्यावा आणि तो ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठेवावा. वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीची सोय असलेला घ्यावा, नाही तर वीज गेली की माणूस आडवाच राहतो. शिवाय मोटार वर उचलते तेव्हा समोर वॉकर आणि शेजारी माणूस हवा, हे कर्मचाऱ्यांना शिकवावे लागेल. पार्किन्सन्सच्या रुग्णांना मात्र मऊ, खोल गादीपेक्षा कडक आणि उंच बैठक बरी पडते. गोल फिरणारी किंवा डुलणारी खुर्ची त्यांना देऊच नये.

जुन्या प्लास्टिक खुर्च्या भेटीला येणाऱ्यांसाठी राहू द्याव्यात. रेटा देताना त्यांचे हात बाहेर वाकतात आणि ओल्या फरशीवर मागचे पाय फाकतात. वर्षानुवर्षे अंगणात उन्हात राहिलेल्या असतील, तर पाहुण्यांनाही देऊ नयेत. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते.

प्रश्न : माझी ८२ वर्षांची आई बडोद्यातील एका वृद्धाश्रमात आहे आणि मी पुण्यात असते. गेल्या भेटीत तिला खुर्चीत ओढणीने बांधून बसवलेले पाहिले. ती सारखी घसरते, पडू नये म्हणून बांधतो, असे तेथील ताईंनी सांगितले. मला ते पाहवले नाही, पण त्यांचेही काय चुकले ते कळत नाही.
— एक मुलगी

उत्तर : ताईंचा हेतू वाईट नाही, पण उपाय धोक्याचा आहे. बांधलेला माणूस घसरायचा थांबत नाही. तो ओढणीखालून घसरतो, गाठ वर सरकते आणि छातीवर किंवा गळ्यावर दाब येतो. उठता येऊ नये म्हणून पुढे अडकवलेला ट्रे किंवा मुद्दाम मागे कलती ठेवलेली खुर्ची, हे बांधण्याचेच प्रकार आहेत.

आईंना प्रथम नीट बसवून पाहावे. नितंब अगदी मागे, खुर्चीच्या पाठीला टेकलेले हवेत. तसे बसवल्यावर पोटरी आणि कड यांत जागाच उरत नसेल, तर खुर्ची त्यांच्यासाठी खोल आहे. पाठीमागे घट्ट उशी किंवा फळी लावलेली गादी देऊन ती खोली कमी करता येते. मऊ उशी उपयोगाची नाही, कारण ती तासाभरात चपटी होते. पाय टेकत नसतील तर पायाखाली रुंद, न घसरणारा पाट द्यावा, मात्र उठताना तो आधी बाजूला घेणारे कोणी तरी जवळ हवे. एवढे करूनही त्या घसरत असतील, तर मांडीमागचे स्नायू आखडले आहेत का, हे फिजिओथेरपिस्टकडून पाहून घ्यावे. आखडलेला स्नायू, पाय सरळ ठेवले की, कंबर पुढे ओढतो.

आणखी एक गोष्ट ताईंना विचारावी : आई कोणत्या वेळी घसरतात? जेवणानंतर दीड-दोन तासांनी असे असेल, तर कदाचित त्यांना बाथरूमला जायचे असते आणि सांगता येत नाही. दोन तासांहून अधिक एका जागी बसल्यावर निरोगी माणूसही चुळबुळ करतो. आपण पुढच्या भेटीत दोन तास तेथेच बसावे, वही घेऊन. पुष्कळदा उत्तर तेवढ्यात मिळते.

प्रश्न : मी ७८ वर्षांचा असून वृद्धाश्रमात राहतो. आमच्या ओसरीवर झोपाळा होता. गेल्या दिवाळीत एक सदस्य त्यावरून उठताना पडले आणि झोपाळा काढून टाकला. जन्मभर संध्याकाळी झोपाळ्यावर बसलो. आता खुर्चीत बसवत नाही. आमची मागणी चुकीची आहे काय?
— आश्रमवासी

उत्तर : अजिबात चुकीची नाही. बडोद्यात वाढलेल्या माणसाला झोपाळा म्हणजे काय, हे मला कोणी समजावण्याची गरज नाही. मी याच शहरात, दांडिया बाजारात, वाढले. पण पडलेल्या सदस्यांचे कारणही खरे आहे. उठण्यासाठी आपण मागे रेटा देतो आणि झोपाळा तोच रेटा घेऊन मागे जातो, त्यामुळे ऐन वेळी खालचा आधारच नाहीसा होतो.

व्यवस्थापकांपुढे आपण असा प्रस्ताव ठेवावा. झोपाळ्याच्या फळीला मागील भिंतीशी अडकवणारी कडी किंवा जमिनीतून वर येणारी खिट्टी बसवावी; चढताना आणि उतरताना ती लावलेली असावी, आणि ती लावणे-काढणे हे मदतनिसाचेच काम असावे. फळी आपल्या गुडघ्याच्या मापावर टांगावी, जुन्या पद्धतीइतकी खाली नव्हे. साखळ्या बाजूला धरता येतात, पण त्यांवर भार देऊन उठू नये, म्हणून समोर भिंतीत एक पक्का दांडा असल्यास उत्तम. ज्यांना चक्कर येते किंवा उठताच रक्तदाब उतरतो, त्यांनी एकट्याने बसू नये. दररोज संध्याकाळी पाच ते सात, एक मदतनीस हजर असताना, एवढी मुभा मागितली, तर ती नाकारणे मला कठीण वाटते.

प्रश्न : आमच्या आश्रमाला सरकारी शिबिरातून व्हीलचेअर मिळाल्या आहेत. चालता न येणारे दोघे दिवसभर त्यांतच बसतात. एकाच्या माकडहाडाजवळ लाली दिसू लागली म्हणून आम्ही मधे भोक असलेली रबरी रिंग आणली आहे. ती किती वेळ ठेवावी?
— परिचारिका, बडोदे

उत्तर : रिंग आजच काढून ठेवावी. भोकाच्या भोवतीच्या कातडीवर तिचा दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. बोटाने दाबल्यावर लाली पांढरी पडत नसेल, तर ती दाबव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि लाली निवळेपर्यंत त्या रुग्णाला त्या भागावर बसवू नये. सावळ्या कातडीवर लाली अनेकदा दिसत नाही, तेव्हा आसपासच्या जागेपेक्षा गरम, घट्ट किंवा दुखरे लागते का, हे हाताने पाहावे.

राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून ज्येष्ठांना अशा व्हीलचेअर मिळत आल्या आहेत आणि त्यांचा उपयोग मोठा आहे, पण तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यापुरता. घडी होणाऱ्या व्हीलचेअरची कापडी बैठक मधे झोळीसारखी खचते, त्यामुळे मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते आणि सगळा भार थोड्याशा जागेवर येतो. दालनात पोहोचले की दोघांनाही (लाली असलेल्यांना ती निवळल्यावरच) हात असलेल्या घट्ट खुर्चीत हलवावे. ज्यांच्या हातांत बळ आहे, त्यांनी दर पंधरा मिनिटांनी खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन अंग उचलून थोडा वेळ तसेच धरावे, आणि ज्यांना ते जमत नाही, त्यांना आपण आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला कलते करावे. हलवणे शक्यच नसेल, तर व्हीलचेअरच्या कापडावर आधी पातळ फळी आणि तिच्यावर दाब कमी करणारी गादी टाकावी, आणि फळीमुळे वाढलेली उंची लक्षात घेऊन पायपट्टी तेवढीच वर घ्यावी.