प्रश्न वाचकांचे : जुनी छोटी फोर बाय फोर निवडताना

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. घरात मी, पत्नी आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुले. पावसाळ्यात बामणोली आणि कोयनेच्या बाजूच्या कच्च्या वाटांनी फिरणे आणि दोन-तीन वर्षांतून एकदा हिमाचलातल्या स्पितीसारखा लांबचा प्रवास करणे, यासाठी जुनी छोटी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी) घ्यायची आहे. अकरा लाखांपर्यंत खर्च करता येईल. सध्या तीन गाड्या नजरेत आहेत : दिल्ली पासिंगची २०१३ ची महिंद्राची डिझेल थार सीआरडीई, २०२३ ची मारुतीची मॅन्युअल गिअरची जिम्नी आणि २०१० ची मारुतीचीच जिप्सी. कोणती घ्यावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गाडीच्या ताकदीची चर्चा नंतर करू, कारण तुमच्या पत्रातली निर्णायक गोष्ट मुलांची वये ही आहे. जुन्या थारमध्ये आणि जिप्सीमध्ये मागची बाके समोरासमोर, म्हणजे प्रवासाच्या दिशेला आडवी असतात, आणि २०१३ च्या थारला एअरबॅग नाहीत. गावाकडच्या दहा किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर त्या बाकांची मजा येते. साताऱ्याहून स्पितीतल्या काझापर्यंतच्या दोन हजारांहून अधिक किलोमीटरच्या वाटेवर, त्यातही महामार्गावरच्या ट्रकांच्या गर्दीत, तिथे मुलांना बसवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय या प्रवासातले खरोखर कच्चे अंतर मोजून पाहिले, तर ते काही शे किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. बाकी सगळा डांबरी रस्ताच आहे. त्यामुळे गाडी आधी डांबरावर सुसह्य हवी आणि मग चिखलात समर्थ हवी, हा क्रम तुमच्या बाबतीत उलटा करता येत नाही.

जिप्सीबद्दल मनात हळवा कोपरा असणाऱ्यांपैकी मीही एक आहे. १९८५ साली बाजारात आलेली आणि २०१९ पर्यंत जवळजवळ त्याच रूपात विकली गेलेली ही गाडी जेमतेम एक टन वजनाची, आणि तिचे चिखलातले यश त्या हलकेपणातच आहे, कारण जिथे जड गाडी रुतते तिथे ती वरच्या वर निघून जाते. मात्र चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असल्यामुळे ती महामार्गावर अंग खिळखिळे करते. २०१० च्या गाडीची नोंदणीची पंधरा वर्षेही संपली आहेत, म्हणजे आरटीओत योग्यता तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे सगळे आलेच. घरात दुसरी गाडी असणाऱ्या हौशी माणसाने जिप्सी जरूर घ्यावी. कुटुंबाची एकमेव गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही.

थार सीआरडीईचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन उत्तम आहे, आणि उंचावर त्याचा एक खरा फायदा होतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले पेट्रोल इंजिन समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटरला ढोबळमानाने एक टक्का ताकद गमावते. मनाली-काझा वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे तिथे जिम्नीची १०५ अश्वशक्ती साठीच्या आसपास उतरते, तर टर्बो डिझेल ही तूट बऱ्याच प्रमाणात भरून काढते. तरीही तुमच्यासमोरची थार मी घेणार नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून निर्बंध आले आणि तिथल्या जुन्या गाड्या स्वस्तात बाहेर जाऊ लागल्या. तो स्वस्तपणा इथे पोहोचेपर्यंत बराच आटतो : मूळ आरटीओचा ना हरकत दाखला (एनओसी), कर्जाचा बोजा उतरवल्याची नोंद, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा क्रमांक एवढे करून हातात येणाऱ्या गाडीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये भरणार आहेत. डिझेलची ताकद एवढ्या खटाटोपाच्या मोलाची नाही.

राहिली जिम्नी. चार माणसांना समोर तोंड करून बसायला जागा, पट्टे, एअरबॅग, २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, स्वतंत्र चासी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा), पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि लो गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारी जादा गिअरची सोय) या सगळ्या गोष्टी या वजनाच्या गाडीत आपल्याकडे दुसरीकडे एकत्र मिळत नाहीत. लो गिअर टाकल्यावर चाकांवर येणारा जोर सुमारे दुप्पट होतो, म्हणून उंचीवर गमावलेली ताकद कच्च्या चढावर फारशी जाणवत नाही. जाणवेल ती डांबरी घाटात ट्रकला मागे टाकताना, आणि तिथे धीर धरावा. तिच्या उणिवा दोन. मागच्या सीटमागे २०८ लिटर एवढीच जागा असल्यामुळे चौघांचे पंधरा दिवसांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर जाईल, आणि वर जड वस्तू ठेवल्यास उंच गाडी वळणावर झुकते, म्हणून वर फक्त कपडे आणि अंथरूण-पांघरूण ठेवावे. दुसरी उणीव चाळीस लिटरच्या टाकीची. डोंगरात लिटरला बाराचा हिशेब धरला, तरी पूर्ण टाकीत पावणेपाचशे किलोमीटर होतात. मनाली ते काझा हे सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर त्यात आरामात बसते आणि काझात पंप आहे. लेहच्या वाटेवर टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी प्रवाशांमध्ये प्रसिद्ध आहे. तेवढेही जमते, पण इकडेतिकडे भटकायला फारसे उरत नाही.

तेव्हा जिम्नीच घ्यावी असे माझे मत आहे. मात्र ‘जिम्नी’ घ्यावी म्हणजे तुमच्यासमोरची ती विशिष्ट गाडी घ्यावी असे नव्हे. तिला आधी रॅम्पवर चढवून खालून बघा. दोन वर्षांची गाडीही चिखलात किंवा वाळूत बेदम वापरलेली असू शकते. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शिअलचे (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचे) तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे आणि विक्रेता ‘गाडी फक्त ऑफिसला जायची’ असे सांगत असेल तर तो खोटे बोलत आहे. पाचही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले आहेत का हे बघावे, कारण वेगवेगळ्या घेराचे टायर फोर बाय फोरमध्ये ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीला) आतून पिळतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडे त्याचे वय सांगतात : ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा.

मग गाडी मुरमाच्या किंवा मातीच्या मैदानात न्यावी. फोर बाय फोर टाकावा, दिवा लागतो का ते पाहावे आणि मोकळ्या मातीत चढावर पुढची चाके खरोखर माती उकरतात का, हे एखाद्या मित्राला बाहेर उभे करून बघायला सांगावे. दिवा लागतो आणि पुढची चाके नुसती घरंगळतात, असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. ही चाचणी डांबरावर करू नये; या गाड्यांत मधले डिफरन्शिअल नसल्यामुळे कोरड्या, घट्ट रस्त्यावर वळताना पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये ताण साठतो आणि सुस्थितीतल्या गाडीचेही नुकसान होते.

प्रश्न : नव्या आकाराची थार घ्यायची आहे. ठाण्यात एक गाडी दिसली, तिला उंची वाढवणारे किट, मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र) बसवलेले आहे. विक्रेता म्हणतो की हे तीन लाखांचे काम फुकटात मिळते आहे. घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्वप्रथम ती फोर बाय फोर आहे का ते पाहा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेली नवी थार सुरुवातीला फक्त फोर बाय फोर होती, परंतु २०२३ च्या जानेवारीपासून दीड लिटर डिझेलची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली जाते. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. आत गिअरच्या बाजूला दुसरा दांडा नसेल तर ती तुमच्या कामाची नाही, मग टायर कितीही मोठे असोत.

आता त्या तीन लाखांबद्दल. मोठ्या टायरांमुळे प्रत्येक गिअर जड होतो, ब्रेक कमी पडू लागतात आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. नव्या थारची पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्यामुळे गाडी उंच केली की पुढच्या शाफ्टचे सांधे कायम तिरक्या कोनात फिरतात, त्यांचे रबर फाटते आणि मग माती आत जाते. पुढचे लोखंडी बुल बार तर केंद्र सरकारच्या २०१७ च्या डिसेंबरमधील निर्देशानुसार बेकायदाच आहेत, आणि मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलांविषयी विचारेल. शिवाय विंच बसवणारा माणूस ती वापरण्यासाठीच बसवतो, म्हणजे गाडी किती वेळा रुतली असेल याचा अंदाज तुम्हीच करा. मूळ स्थितीतली गाडी शोधा आणि उरलेल्या पैशातून डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे चांगले ऑल टेरेन टायर, हवा भरण्याचा छोटा पंप आणि ओढायचा दणकट पट्टा घ्या.

प्रश्न : रत्नागिरीतील एक जुनी थार फार स्वच्छ आहे, खालून नुकताच काळा रंगही दिलेला आहे. किनाऱ्याकडची गाडी घ्यायला हरकत आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्या काळ्या रंगाचीच मला भीती वाटते, कारण मी एकदा अशाच चकचकीत चासीला भुलून गाडी घेतली आणि सहा महिन्यांनी मागच्या पाट्याचा हँगर (पाटा चासीला अडकवणारा तुकडा) चासीतून उपटून हातात आला. खाऱ्या हवेत गंज आतून सुरू होतो. चासीच्या पोकळ बाहीवर छोट्या हातोडीने ठिकठिकाणी टकटक करावी; आवाज खणखणीत आला तर पत्रा शाबूत आहे, भदभद आला तर आत गंज किंवा साचलेला चिखल आहे. विशेषतः पाटे जिथे अडकवलेले असतात ती जागा आणि मागचा आडवा तुकडा तपासावा. चासी नंबर स्पष्ट वाचता येत नसेल, तर आरटीओतही अडचण येईल. मालक हातोडी लावू देत नसेल तर रत्नागिरीचे आंबे घेऊन परत यावे.