राणी गेली आणि मॅकबेथ 'उद्या' म्हणतो

प्रश्न : बाई, माझी मुलगी बी.ए.ला 'मॅकबेथ' शिकते आहे. राणी गेल्याचं कळल्यावर मॅकबेथ म्हणतो, 'शी शुड हॅव डाइड हिअरआफ्टर.' गाइडात अर्थ दिलाय, 'ती कधीतरी मरणारच होती.' तिचे सर सांगतात, 'तिनं नंतर मरायला हवं होतं.' बरोबर काय? आणि बायको गेल्यावर माणूस इतका कोरडा कसा बोलतो?
– एक पालक, सातारा

उत्तर : दोन्ही अर्थ बसतात. शेक्सपिअरचं हे नाटक १६०६च्या आसपासचं. तेव्हाच्या इंग्रजीत 'शुड' हे 'मरणारच होती' अशा अर्थानंही चालायचं. मी वर्गात सरांचाच अर्थ सांगत आले, तो पुढच्या ओळीमुळे : 'देअर वुड हॅव बीन अ टाइम फॉर सच अ वर्ड.' असा शब्द ऐकायला तेव्हा सवड मिळाली असती. कोणता शब्द? राणी गेल्याचा निरोप आणणाऱ्या सेटननं, मॅकबेथच्या सेवकानं, नुकताच उच्चारलेला, 'डेड'. शत्रू किल्ल्यावर चालून येतोय, आज रडायला वेळ नाही.

आता कोरडेपणाचं. मुलीला पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश उघडायला सांगा. डंकन राजा आज मुक्कामाला येतोय, असं मॅकबेथ बायकोला सांगतो. ती विचारते, जाणार कधी? तो म्हणतो, 'टुमॉरो, अ‍ॅज ही पर्पजेस.' उद्या, असा त्याचा बेत आहे. त्यावर ती म्हणते, तो उद्या सूर्याला कधीच दिसायचा नाही! राजाचा 'उद्या' या दोघांनी मिळून मारला. ती गेल्यावर त्याच्या तोंडी तोच शब्द येतो, तीनदा. 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' मोठ्यानं म्हणून बघा. दर वेळी जोर 'मॉ'वर, मध्ये ते 'अँड'. ओळ पाय ओढत चालते, घाईनं म्हणताच येत नाही.

मग त्याच भाषणात 'आउट, आउट, ब्रीफ कँडल'. विझ, विझ, क्षणभराच्या मेणबत्ती. आधीच्या एका प्रवेशात झोपेत चालणारी राणी हातात दिवा घेऊन येते. उजेड सतत जवळ हवा, असा तिचा हुकूमच असतो. त्या प्रवेशात मॅकबेथ नाही. तो दिवा आपण पाहिलेला असतो, म्हणून ही ओळ आपल्याला जास्त लागते.

वर्षानुवर्षं शिकवूनही हे भाषण मला उमगलं ते एका परीक्षेच्या हॉलवर. शिपायानं दारात येऊन निरोप दिला, आई गेली. मी 'बरं' म्हटलं आणि हातातल्या पुरवण्या शेवटच्या बाकापर्यंत वाटल्या. उद्या तिच्या गोळ्या न्यायच्यात, एवढंच डोक्यात होतं. त्या दिवसापासून मी मॅकबेथला कोरडा म्हटलेलं नाही.

आयुष्य म्हणजे वेड्यानं सांगितलेली गोष्ट, अर्थ शून्य ('नथिंग'), ही याच भाषणाच्या शेवटची ओळ लोक शेक्सपिअरचं तत्त्वज्ञान म्हणून भिंतीवर लावतात, याचं मला वाईट वाटतं. ते बोलणं एका खुनी, एकट्या पडलेल्या माणसाचं आहे, त्या घटकेचं. गाइडातला उतारा 'नथिंग'पाशी संपतो. मुलीला त्यापुढची ओळ वाचायला सांगा. तेवढ्यात जासूद येतो आणि मॅकबेथ त्याला म्हणतो, 'दाय स्टोरी क्विकली.' तुझी गोष्ट सांग, लवकर.