वाचक विचारतात : शाळेच्या प्रकल्पाला कल्पना आणायची कुठून?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेने ‘स्वतः शोधलेलं एखादं उपकरण’ करून आणायला सांगितलंय, हातात महिना आहे. इंटरनेटवर तेच ते दिसतं : ज्वालामुखी, पवनचक्की, टाकी भरली की वाजणारी घंटी. तिला विचारलं की म्हणते, “मला काही सुचतच नाही.” सुरुवात कुठून करायची?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ‘काय बनवशील?’ हा प्रश्न पहिले दहा दिवस घरात विचारूच नका. त्या प्रश्नाला मुलं पाहिलेल्या व्हिडिओतलंच उत्तर देतात. त्याऐवजी रोज रात्री विचारा, ‘आज कोण कशावरून वैतागलं?’ आणि तिला ते वहीत लिहू द्या. वहीला चार रकाने पुरतात : कोणाला त्रास झाला, नेमकं काय झालं, किती वेळा झालं, आणि सध्या त्यावर काय करतात. चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा. वाऱ्याने दार आपटतं म्हणून फटीत चप्पल सरकवलेली असते, सिलिंडर संपत आलाय का हे बघायला तो हलवून पाहतात. माणसं जिथे असा जुगाड करतात, तिथे गरज खरी असते.

सिलिंडरचंच बघा. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. साध्या वजनकाट्यावर टाकी ठेवून ते वजन वजा केलं की उरलेला गॅस कळतो. म्हणजे ही अडचण विनासेन्सर सुटली. वहीतल्या निम्म्या नोंदी अशाच गळतील, त्या गळू द्या.

उरलेल्यांना चाळणी लावा. ती अडचण मुलीला रोज जवळून बघता येते का? आकड्यात मोजता येते का? आणि उपकरण बिघडलं तर कोणाला इजा होईल का? घरातली 230 व्होल्टची वीज, पेटता गॅस आणि औषधांचे डोस यांत काही करायचं असेल तर तो विषय बाजूला ठेवा.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा वहीत असं आहे : ‘आजी तिसऱ्या मजल्यावर. कमी ऐकू येतं. घंटागाडी येऊन निघून जाते. दहा दिवसांत चार वेळा कचरा राहिला.’ मुलीच्या मनात पहिलं येईल ते म्हणजे आवाज ओळखून दिवा लावणारं यंत्र. बाजारातल्या स्वस्त आवाज-सेन्सरला फक्त मोठा आवाज कळतो, घंटागाडीचं गाणं आणि रिक्षाचा हॉर्न त्याला सारखेच. दिवसभर दिवा लागत राहील आणि आजी तिसऱ्या दिवशी प्लग काढतील. म्हणून इथे थांबून विचारायचं की अडचण ऐकण्याची आहे की वेळेत खाली पोचण्याची? आजींना विचारलं तर बहुधा कळेल की शेजारीण हाक मारते, पण जिना उतरेपर्यंत गाडी कोपऱ्यावर गेलेली असते. मग उपकरणच बदललं. आता हवी आहे गॅलरीतून खाली सोडायची टोपली.

टोपली दोरीला बांधून सोडणं यात नवीन काही नाही. आजींना ती झेपेल अशी करणं, हा प्रकल्प. एकच स्थिर कप्पी लावली तर जोराची दिशा बदलते, जोर कमी होत नाही. चार किलोला चार किलोच ओढावे लागतात. दोरीचं एक टोक कठड्याला बांधून ती टोपलीवरच्या एका फिरत्या कप्पीतून परत वर हातात घेतली की वजन दोन दोऱ्यांवर वाटलं जातं आणि जोर निम्मा होतो. मोबदल्यात दोरी दुप्पट ओढावी लागते. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापासून जमीन साधारण दहा मीटर धरली तर वीस मीटर दोऱ्यांना आणि दोन-तीन मीटर हाताशी, अशी तेवीस मीटर दोरी आणा. सुरुवातीला वाळूचं चार किलोचं पोतं लटकवून ताणकाट्याने जोर मोजायचा. हिशेबात दोन किलो येतं, काट्यावर जास्त दिसेल, कारण टोपली आणि कप्पीचं वजन आणि घर्षण त्यात मिळतं. हा फरक लपवू नये. तोच तक्त्यात मांडावा, परीक्षक नेमका तोच विचारतात.

बिघाड कुठे होतात तेही सांगतो. पिळाची दोरी ताणली की उलगडू पाहते आणि टोपली गरगर फिरते, म्हणून विणलेली दोरी घ्या. दोन्ही दोऱ्या अगदी जवळ असल्या तर एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात. वरची दोन टोकं कठड्यावर वीस-तीस सेंटिमीटर अंतरावर ठेवा. हात सुटला तर टोपली कोसळेल, तेव्हा दोरी मध्येच अडकवायला कठड्यावर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळता येईल असा खुंटा हवाच. टोपलीत ओला आणि सुका असे दोन कप्पे करताना दोन्हीकडचं वजन असमान होतं नि ती कलंडते, त्यामुळे कडी मधोमध न बांधता तीन दोऱ्यांवर तोलायची. पहिली चाचणी पहिल्या मजल्यावरून, वाळूने, आणि खाली एक मोठं माणूस उभं करून. त्यानंतर पुन्हा दहा दिवस मोजा, या वेळी कचरा किती वेळा राहिला? चारावरून एकावर आलं तर प्रकल्प झाला. एकही वायर लागली नाही याची लाज वाटून घेऊ नका.

प्रश्न : आमची कांद्याची चाळ आहे. मुलगा नववीत आहे आणि ‘कांदा सडायला लागला की कळवणारं यंत्र’ करायचं म्हणतो. कल्पना चांगली वाटते, पण हे जमेल का? कोणते भाग लागतील?
– एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : तुमच्या मुलाकडे शहरातल्या मुलांकडे नसलेली गोष्ट आहे : अडचण अंगणातच आहे. उन्हाळी कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो. त्यातला काही सडतो, काहीला कोंब येतात आणि सगळ्याचंच वजन घटतं. या तिन्ही नुकसानांची कारणं वेगळी असल्याने एकाच यंत्राने तिन्ही पकडायचा हट्ट नको. सड एवढंच धरा.

बहुतेक मुलं एमक्यू-135 नावाचा वायू-सेन्सर अर्डुइनोला (सेन्सरचे आकडे वाचणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डाला) जोडतात, बंद डब्यात सडका कांदा ठेवतात, आकडा वाढतो आणि टाळ्या पडतात. चाळीत तेच यंत्र मुकं होतं. चाळ बांधतोच आपण हवा खेळती राहावी म्हणून, तेव्हा ढिगाच्या पोटातल्या दोन-चार सडक्या कांद्यांचा वास बाहेर येईपर्यंत विरून जातो. खरा प्रश्न सेन्सरचा नाही. ढिगाच्या आतली हवा सेन्सरपर्यंत आणायची कशी, हा आहे. मुलाने डोकं तिथे लावावं.

एक वाट अशी : एक इंची पीव्हीसी पाइप, पाच फूट, खालचं टोक बंद. खालच्या तीन फुटांत दर दोन इंचांवर पाच-सहा मिलिमीटरची भोकं. वरच्या टोकाला छोटी डबी, त्यात सेन्सर, आणि डबीच्या दुसऱ्या बाजूला हवा ओढणारा 5 व्होल्टचा छोटा पंखा. पाइप ढिगात खुपसायचा, दोन-तीन मिनिटं पंखा चालवायचा, आकडा लिहायचा, पुढच्या जागी जायचं. एका सेन्सरवर अख्खी चाळ हुंगून होते. डबीच्या सांध्यांत फट राहिली तर पंखा बाहेरचीच हवा ओढतो. तपासायला पाइपच्या भोकाशी उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. पाइप ढिगात घालताना कांदा सोलपटला तर तिथूनच सड सुरू होईल. ढीग रचतानाच पाइप उभे रोवून ठेवावेत आणि डबी तेवढी हलवावी, हे बरं.

सामान : अर्डुइनो उनो, एमक्यू-135, तापमान-आर्द्रतेसाठी डीएचटी-22 (डीएचटी-11 स्वस्त आहे, पण त्याची आर्द्रता पाच टक्के इकडेतिकडे होते), पंखा, पॉवर बँक आणि तारा.

चुका ठरलेल्या असतात. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी लावली तर काही तासांत बसते, कारण या सेन्सरच्या आतला तापक एकटाच सुमारे 150 मिलिअँपियर खातो, म्हणून पॉवर बँक. पंखा अर्डुइनोच्या पिनेला थेट जोडायचा नाही, पिनेवर 20 मिलिअँपियरपेक्षा जास्त भार नको. त्याला पॉवर बँकेतून वेगळी तार आणि मध्ये साधं बटन द्या. नवा सेन्सर पहिले 24 तास नुसता चालू ठेवावा, तोवर आकडे सरकत राहतात. आणि तो दमटपणानेही वरखाली होतो. श्रावणातल्या झडीत चांगल्या कांद्यावरही आकडा चढेल, म्हणून प्रत्येक फेरीआधी चाळीबाहेरच्या हवेतला आकडा घ्यायचा आणि दोहोंतला फरक लिहायचा. तसंच हा सेन्सर अमोनिया, अल्कोहोल, धूर असं बरंच काही एकत्र हुंगतो. ‘सडक्या कांद्याचा सेन्सर’ असं फलकावर लिहू नये.

चाचणीसाठी 20 लिटरच्या चार बादल्या, प्रत्येकीत पाच किलो कांदा आणि मधोमध आखूड पाइप. वर गोणपाट टाका, घट्ट झाकण लावलं तर सगळाच कांदा घामेजतो. दोन बादल्यांत तळाशी एकेक सडका कांदा. कोणत्या बादलीत, हे बहिणीने ठरवावं आणि मुलाला सांगू नये. रोज दोनदा जागा बदलत दहा दिवस ओळखायचं. रोज आठ बादल्यांचे अंदाज म्हणजे एकूण 80 होतात. डोळे मिटून सांगितलं तरी चाळीसच्या आसपास बरोबर येतील, तेव्हा पासष्ट-सत्तर आले तर यंत्राला काहीतरी कळतंय. पंचेचाळीस आले तर नाही, आणि तसंही प्रदर्शनात मांडायला हरकत नाही.

प्रश्न : पालकांनी किती हात लावायचा? इतर मुलांची मॉडेलं पाहून आमचं फारच गबाळं दिसतं.
– एक वडील, नाशिक रोड

उत्तर : ब्लेड, ड्रिल, सोल्डरिंग ही कामं तुमच्या हाताखाली किंवा तुमच्या हाताने. बाकी मोजमाप, चित्र, पुठ्ठ्याचं पहिलं मॉडेल, तक्ता मुलाचा. आदल्या दिवशी त्याला सगळं सुटं करून तुमच्या मदतीशिवाय पुन्हा जोडायला सांगा. जिथे तो अडेल, तो भाग तुम्ही केलेला आहे. गबाळ्या मॉडेलशेजारी मोडलेलं आधीचं मॉडेल आणि नोंदवही ठेवा. सनमायका लावलेल्या मॉडेलपुढे परीक्षक थांबतात, पण प्रश्न वहीवरचे विचारतात.

प्रश्न : आमच्या शाळेतून इन्स्पायर-मानकसाठी मुलांच्या कल्पना पाठवायच्या आहेत. कल्पना कशी लिहावी? पेटंटबद्दलही पालक विचारतात.
– एक विज्ञान शिक्षिका, इगतपुरी

उत्तर : ही केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना आहे, ती नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनसोबत चालते. शाळेने आपल्या मुलांतल्या उत्तम कल्पना निवडून ऑनलाइन पाठवायच्या. निवड झाली की मॉडेलसाठी 10,000 रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात.

लिहिताना शीर्षकात ‘स्मार्ट’, ‘बहुउद्देशीय’, ‘ऑटोमॅटिक’ हे शब्द टाळा, ढिगाने अर्ज तसेच असतात. ‘वरच्या मजल्यावरच्या वृद्धांसाठी निम्म्या जोरात उतरणारी कचऱ्याची टोपली’ एवढं सरळ लिहिलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. मजकुरात चार गोष्टी हव्यात : अडचण कोणाची आणि किती वेळा, सध्याचा उपाय कुठे कमी पडतो, आपल्या उपकरणात वेगळं काय, हाताने काढलेलं मापांसह चित्र. ‘जगात पहिल्यांदाच’ असं लिहिण्याआधी मुलांना अर्धा तास शोधायला बसवा. तसंच काही सापडलं तर कल्पना टाकून देऊ नका, त्यातलं आपल्या गावाला काय बसत नाही ते लिहा. इगतपुरीच्या पावसात टिकेल असं काही, हेसुद्धा वेगळेपणच.

पेटंटबद्दल पालकांना एवढं सांगा : आधी अर्ज, मग प्रदर्शन. उघडपणे मांडलेल्या किंवा व्हिडिओ टाकलेल्या गोष्टीचं नवेपण जाऊ शकतं. घाई असेल तर तात्पुरता अर्ज करून ठेवता येतो, पण त्यानंतर 12 महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो. 1970च्या पेटंट कायद्यानुसार शेतीच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. कांदा साठवायची रीत तिथे टिकणं अवघड, हुंगणारा पाइप उपकरण म्हणून विचारात घेतला जाऊ शकतो. शालेय प्रकल्पांत बहुतेकांना हे लागणारच नाही.

आणि मुलांचं बँक खातं आधीच उघडून घ्या. खात्यावरचं नाव शाळेच्या रजिस्टरमधल्या नावाशी अक्षर न्‌ अक्षर जुळतं का, ते अर्ज भरण्यापूर्वी तपासा.