फी भरण्याआधी मुलीला विचारले होते का?

आपले पत्र दोनदा वाचले. तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून आपण 2020 साली स्वेच्छानिवृत्ती घेतलीत आणि आता दूरसंचार अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीसाठी राउटर-स्विचच्या, म्हणजे जाळ्यातील माहिती वाटेला लावणाऱ्या पेट्यांच्या, कोर्सची पूर्ण फी परस्पर भरून मोकळे झालात. तिला लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे. तिच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती याची, की तीन पानांच्या पत्रात तिला ते का शिकायचे आहे याचे कारण एकदाही आलेले नाही. आठवडाभर ती आपल्याशी बोललेली नाही, हे मात्र आपण तक्रार म्हणून लिहिले आहे. मला तिचा अबोला समजतो.

‘यंत्र दगा देत नाही, सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र कधीही घरी बसवतात,’ असे आपण म्हणता. स्पष्ट लिहितो, हा समज आपल्याच क्षेत्राने खोटा ठरवला आहे. पूर्वी राउटर किंवा स्विचची पेटी, तिच्यातील चिप आणि ती चालवणारे सॉफ्टवेअर एकाच कंपनीकडून घ्यावे लागे, आणि देखभालीचे पैसेही तिलाच मोजावे लागत. 2008 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेल्या ओपनफ्लो या नियमसंचाने माहिती कोणत्या वाटेने जावी हा निर्णय पेटीतून काढून मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे देण्याचा मार्ग खुला केला. बिघाडाच्या भीतीने एरवी निम्म्याहून अधिक रिकाम्या ठेवल्या जाणाऱ्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या महागड्या दूरवाहिन्या गूगलने या पद्धतीने जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरून दाखवल्या आणि 2013 मध्ये ते जाहीरपणे मांडले. म्हणजे तेवढ्याच वाहतुकीला कमी वाहिन्या पुरू लागल्या. कोणत्याही एका कंपनीशी न बांधलेल्या साध्या पेट्यांवर चालणारी सोनिक ही स्विचची प्रणाली मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये सर्वांना खुली केली. शेकडो स्विचवर एकेक करून आज्ञा टाइप करणाऱ्याचे काम आता एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, करते, त्यामुळे केवळ आज्ञा पाठ असलेला माणूसच आधी घरी बसतो.

अर्थात सॉफ्टवेअर म्हणजे जादू नव्हे. जपानमध्ये राकुतेन या कंपनीने 2020 साली जवळजवळ संपूर्ण मोबाइल जाळे सामान्य सर्व्हरवर उभे केले, तरी मनोरे उभारण्याचा आणि दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर रोमिंग करण्याचा खर्च चुकला नाही, आणि कंपनीने पुढे काही वर्षे मोठा तोटा सोसला. नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्येही वीज, शीतकरण आणि केबल सांभाळणारी माणसे लागतातच.

म्हणून कोर्स निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. आयपी पत्ते (जाळ्यातील यंत्रांचे पत्ते) आणि राउटिंग (माहितीची वाट ठरवणे) पक्के झाल्याशिवाय तिचे प्रोग्रॅमिंग या क्षेत्रात हवेतच राहील. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमातही 2020 पासून ऑटोमेशन, म्हणजे अशी कामे प्रोग्रॅमकडून करून घेणे, आहे. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा विचार शेवटच्या वर्षी करता येईल. परंतु कोर्स करायचा की नाही, आणि केला तर लिनक्स व पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आधी की नंतर, हे तिने ठरवावे. तिने नकार दिला तर फी परत मिळते का ते संस्थेला विचारा. नाही मिळाली, तरी त्या पैशांचा उल्लेख तिच्यासमोर पुन्हा करू नका.